दम देणारे आणि दमणारे

मराठी माणूस श्वास घेतो तो फक्त दोन ठिकाणी. एक्स-रेच्या खोलीत आणि योगाच्या वर्गात. दोन्हीकडे कोणीतरी ‘घ्या, धरून ठेवा, सोडा’ असं सांगत असतं आणि दोन्हीकडे त्या सांगण्याचे पैसे पडतात. एरवी दिवसभर फुकटात तो जे घेतो, खातो, धरतो, टाकतो आणि संधी मिळाली की दुसऱ्याला देतो, त्याचं नाव दम.

पंगतीत जिलबीचं ताट अजून चार पानं लांब असतं. धाकट्याला दम निघत नाही. वडील म्हणतात, ‘‘दम धर.’’ तो धरत नाही, म्हणून वडील त्याला दम देतात. नुकतीच जिना चढून आलेली, खुर्चीत दम खात बसलेली आत्या मध्ये पडते, ‘‘अरे, लेकराला एवढा दम भरायला काय झालं?’’ एका जिलबीपायी पाच दम खर्ची पडले. श्वासाचं नाव कोणी काढलं नाही.

परप्रांतातून आलेल्या आणि चिकाटीनं मराठी शिकणाऱ्या माणसाची इथे खरी दमछाक होते. शब्द तोच राहतो, शेपटीचं क्रियापद बदलतं आणि माणसाची अवस्था पार पालटते. दम खाल्ला तर विश्रांती, दम धरला तर सबुरी, दम दिला तर धमकी, दम मारला तर चिलीम, दम लागला तर धाप आणि दम तोडला तर थेट तेरावा. हा शेवटचा प्रयोग हिंदीतून आला आणि बातम्यांमध्ये स्थिरावला. जुनी मराठी माणसं प्राण सोडत, दम तोडत नसत.

या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत गरीब क्रियापद म्हणजे दमणे. त्याला मागे-पुढे कोणी लागत नाही. ‘दमलो’ एवढं म्हटलं की संपलं. पण त्याचीही आब आहे. मराठीत थकतं ते बरंच काही. वीजबिल थकतं, घरभाडं थकतं, सोसायटीचा मेन्टेनन्स थकतो, पगार थकतो. यांपैकी काहीही दमत नाही. दमायला छाती लागते. म्हणूनच ‘आजोबा थकले’ असं कळलं की पुण्या-मुंबईची मुलं रजेचा हिशेब बघतात, आणि ‘आजोबा दमले’ असं कळलं की सून चहा टाकते. थकणं हळूहळू साचत जातं. दमणं एका कपात उतरतं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या गाण्यातला बाबासुद्धा दमलेला आहे, थकलेला नाही. थकलेल्या बाबाची कहाणी कोणी कार्यक्रमात पुन्हा पुन्हा मागितली असती का, शंकाच आहे.

हा माल माणसाकडे असतो तरी किती? हठयोगाच्या परंपरेनं त्याचा हिशेब फार पूर्वी मांडून ठेवला आहे. एका अहोरात्रात २१,६०० श्वास. मिनिटाला बरोबर पंधरा. आजचं वैद्यकशास्त्र निवांत बसलेल्या प्रौढ माणसासाठी मिनिटाला बारा ते वीस असा आकडा देतं, म्हणजे योग्यांनी घड्याळ नसताना मधोमध नेम मारला होता. एका साध्या श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. गुणाकार केला तर दिवसाला दहा हजार लिटरच्या थोडं वर. उन्हाळ्यात ज्याच्यासाठी अख्खं गाव वेशीवर हंडे घेऊन उभं असतं, तो पाण्याचा एक टँकर. प्रत्येकाला रोज एक टँकर हवा, सरकारी मंजुरीविना, दारात नाही तर थेट नाकात. एवढा माल रोज फुकट येत असल्यावर माणूस तो इतरांना वाटणार, हे ओघानंच आलं.

शब्द मात्र फुकटात आला तो फारसीतून. तिथे दम म्हणजे श्वास आणि श्वासाएवढा क्षणही. ‘एकदम’ आणि ‘हरदम’ त्याचीच पोरं. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीनं मेयरचा महापौर केला. पण कचेरीतल्या शब्दाची बदली करणं सोपं असतं, छातीतल्या शब्दाची नसतं. शिवाय दमाला घरातच एक जुळा भाऊ मिळाला. संस्कृतातही दम आहे आणि त्याचा अर्थ इंद्रियांवर ताबा ठेवणं. शम-दमातला दम तो, दमनातलाही तोच. महाभारतात विदर्भाच्या भीम राजाला दमन ऋषींच्या वरानं दमयंती झाली आणि तिच्या भावांची नावं ठेवली दम, दान्त आणि दमन. त्या घरात आईनं नुसतं ‘दम धर’ म्हटलं असतं तर कोणी कोणाला धरायचं, यावरून भांडण लागलं असतं. दमडीला मात्र या कुटुंबात घेऊ नये. ती द्रम्म नावाच्या नाण्याच्या वंशातली. तिच्यासाठी माणसं दमतात, एवढंच नातं.

तर दम वाटण्याविषयी.

दम हा वरून खाली वाहतो. साहेब कारकुनाला देतो, कारकून शिपायाला, शिपाई टेबलासमोर उभ्या असलेल्या अर्जदाराला. अर्जदार घरी येऊन मुलाला देतो. मुलगा कुत्र्याला देतो. उलट्या दिशेनं गेलेला दम कोणी पाहिलेला नाही. तसं झालं तर त्याला उद्धटपणा म्हणतात आणि त्यासाठी वेगळी नोटीस निघते. नुसता दम, सज्जड दम, दमबाजी आणि दमदाटी अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. सज्जड दम मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना द्यायचा असतो, आणि तो बंद दाराआड दिला असला तरी दुसऱ्या दिवशी छापून यायचा असतो. दमदाटी कोणीही करू शकतं.

विशेष म्हणजे ‘दम देणे’ हा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी चोख आहे. माणूस बोलतो ते श्वास बाहेर सोडताना. गप्प असताना श्वासाच्या एका फेरीतला साधारण चाळीस टक्के वेळ हवा आत घेण्यात जातो. बोलताना तोच वेळ दहा टक्क्यांवर येतो. भराभर आत ओढायचं आणि लांबवर सोडत राहायचं. म्हणजे दम देणारा खरोखरच समोरच्याला हवा देत असतो, आणि समोरचा ती श्वास रोखून घेत असतो. एकाचं खातं सतत नावे, दुसऱ्याचं सतत जमा. तरी वीस मिनिटांनी घाम पुसत बाहेर येतो तो घेणारा. देणारा ताजातवाना असतो आणि पुढच्याला आत पाठवायला सांगतो.

पोलीस ठाण्यात या साऱ्याचं एका ओळीत लोणचं घातलेलं असतं. ‘शिवीगाळ व दमदाटी केली.’ भांडण बांधाचं असो, पार्किंगचं असो, नळाचं असो, ही ओळ ठरलेली. कायद्याच्या मराठीत याला धाकदपटशा म्हणतात. भारतीय दंड संहितेत त्याच्या शिक्षेचं कलम होतं ५०६. गावोगावच्या जाणत्या मंडळींना ते तोंडपाठ होतं आणि ‘पाचशे सहा टाकीन’ हा स्वतःच एक उत्तम दम होता. दम दिल्याबद्दल गुन्हा दाखल करण्याचा दम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा कलम ३५१ मध्ये जाऊन बसला. शिक्षा साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत आणि जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत, ती तशीच राहिली. पण ‘तीनशे एक्कावन्न टाकीन’ म्हणताना जीभ अडखळते, आणि अडखळलेल्या दमाला कोणी भीत नाही. नव्या संहितेचा हा तोटा विधिमंडळाच्या कोणत्याही सभागृहात चर्चेला आलेला नाही.

दम द्यायचा अधिकार कायद्यानं न काढलेला आणि समाजानं डोक्यावर घेतलेला माणूस एकच, तो बिर्याणीचा आचारी. त्याची पद्धत साहेबाच्या नेमकी उलटी. साहेब दम देतो तेव्हा वाफ बाहेर पडते, आचारी दम देतो तेव्हा वाफ आत राहते. मोठ्या हंड्यात खाली मटण, वर अर्धाकच्चा तांदूळ, त्यावर तळलेला कांदा, पुदिना, केशराचं दूध. झाकण ठेवलं की त्याच्या कडेनं मळलेल्या कणकेची जाड वळी दाबून बसवायची. खाली मंद आच, झाकणावर निखारे. लखनौच्या लोकांचं म्हणणं असं की १७८४च्या दुष्काळात नवाब असफउद्दौलानं बडा इमामबाडा बांधायला काढला आणि हजारो मजुरांच्या जेवणासाठी झाकणं लिंपून ठेवलेल्या हंड्यांतून दमपुख्त जन्माला आलं. हैदराबादच्या लोकांना हे मुळीच पटत नाही, आणि औरंगाबादकर दोघांचंही ऐकून घेऊन आपल्या नान-कालियाकडे वळतात.

लग्नघरच्या मांडवामागे हा प्रकार जवळून बघण्यासारखा असतो. यजमान घड्याळ बघत हंड्याभोवती फेऱ्या मारतो. पाहुणे बसलेले असतात, व्याही दोनदा ‘कितीसा वेळ?’ विचारून गेलेले असतात. यजमान झाकणाकडे हात नेतो. आचारी पळी त्याच्या मनगटावर आडवी धरतो. ‘‘साहेब, दम धरा. आत्ता उघडलं तर दम जाईल.’’ यजमान म्हणतो, ‘‘अरे, पण लोक...’’ ‘‘तुम्हीच वाढा मग,’’ एवढं बोलून आचारी उपरणं झटकतो. यजमान चार पावलं मागे सरतो. बँकेतले दोनशे कर्मचारी ज्याच्या आवाजाला टरकतात, त्याला हाफ बनियनमधल्या माणसानं दम दिलेला असतो, आणि तोही बिर्याणीचा दम राखण्यासाठी. कडेची कणीक तडकायला अजून दहा मिनिटं असतात.

आचाऱ्याइतकीच कडक शिस्त कबड्डीत आहे. तिथे दम देता येत नाही, उसना घेता येत नाही, फक्त घालवता येतो. चढाई करणाऱ्यानं ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार स्पष्ट, सलग आणि एका श्वासात करायचा, यालाच खेळात दम म्हणतात. मध्ये श्वास घेतला की दम गेला, आणि दम गेला की चढाई संपली. मराठी पोरं आधी हुतूतू म्हणत, तमिळ मुलुखात सडुगुडू म्हणतात, बंगालमध्ये हाडुडू. शब्द कोणताही चालतो, कारण तो बोलायचाच मुळी हवा आत जात नाही हे पंचाला ऐकू यावं म्हणून. जगातल्या बहुतेक खेळांत खेळाडूनं काय केलं ते पंच बघतो. या खेळात त्यानं काय केलं नाही ते पंच ऐकतो. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९९०मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये तो पदकांचा खेळ झाला आणि २०१४मध्ये प्रो कबड्डीनं तो दिवाणखान्यात आणला. आता चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आहे.

चाळींमध्ये घड्याळाविना हा खेळ कायमच चालू होता. समोरच्या बिऱ्हाडात शिरायचं, एका दमात बोलायचं, निदान एकाला बाद करायचं आणि दम संपायच्या आत मध्यरेषा ओलांडून आपल्या उंबऱ्यात परत यायचं. तिथल्या काकूंना पंच नव्हता, इतकंच.

काकूंच्या याच गुणाला मैफलीत दमसास म्हणतात आणि त्यासाठी तिकीट काढावं लागतं. शब्दसुद्धा कसा, दमही आणि सासही. मराठी रसिकाला एका श्वासानं समाधान नाही. लांबलचक तान सुरू झाली की पहिल्या रांगेतला जाणकार डोळे मिटतो, पण मनात आकडे मोजत असतो. तान संपली की ‘क्या बात है’ म्हणून स्वतःच श्वास सोडतो. त्याला ऐकताना दम लागलेला असतो.

या मोजणाऱ्यांची पंचाईत केली ती कुमार गंधर्वांनी. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना मोठमोठ्या उस्तादांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून दाखवी. मुंबईत देवधर मास्तरांकडे तो शिकला, नाव झालं, आणि ऐन पंचविशीत क्षयानं गाठलं. १९४८मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहावं लागलं. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. १९५३च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांऐवजी छोट्या, धारदार, वीज चमकून जावी अशा स्वरावली आल्या, मध्ये थांबे आले, आणि मध्य लयीला असं काही तेज चढलं की पुढच्या पिढीतल्या दोन्ही फुप्फुसं शाबूत असलेल्या गायकांनी तसंच तुटक गायला सुरुवात केली. दम नसल्यामुळे आलेली गायकी दमदार म्हणून मिरवली गेली आणि आकडे मोजणाऱ्या जाणकाराला डोळे उघडे ठेवून ऐकावं लागलं.

‘दमदार’ या शब्दाचं दुकान एरवी वर्तमानपत्रं चालवतात. जूनमध्ये तो पावसाला लागतो, ऑक्टोबरमध्ये खेळाडूच्या पुनरागमनाला आणि निवडणुकीत कोणालाही. हवामान खात्याच्या कोष्टकात दमदार नावाचा पाऊस नाही. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर तो जोरदार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति जोरदार, त्याहून जास्त असेल तर अत्यंत जोरदार. खात्याला दशांश चिन्ह लागतं. वार्ताहराला लागत नाही. कागदावर चाळीस मिलिमीटर का होईना, पण तीन आठवडे दम धरून बसलेल्या शेतकऱ्यानं पाभर बाहेर काढली, तर तो पाऊस दमदार. उलट शहरात दीडशे मिलिमीटर पडून गेला, गाड्या रुळांवर अडकल्या, तर तोच पाऊस ‘दाणादाण’ उडवतो. दम कोणात होता ते कोणाच्या घरात पाणी आलं यावरून ठरतं.

याच पानांच्या खालच्या अंगाला ‘बेदम मारहाण’ असते. शब्दशः घेतलं तर दम उरला नाही इतकी. पण बातमीच्या शेवटच्या वाक्यात हा बेदम झालेला इसम स्वतःच्या पायांनी चालत ठाण्यात आलेला असतो आणि शिवीगाळ व दमदाटीची फिर्याद, काना-मात्रेसह, सांगत असतो. मार खाणाऱ्याचा दम शेवटपर्यंत टिकला, असा मथळा मात्र कोणी देत नाही.

दम नावाची वस्तू असते कुठे आणि जाते कुठे, हे कळायला कळसूबाईची वाट उत्तम. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. पायथ्याच्या बारी गावातून निघाल्यावर पहिली वीस मिनिटं शहरातली मंडळी गाणी म्हणतात. मग गाणी थांबतात, मग बोलणं थांबतं, मग फक्त बाटल्यांची टोपणं वाजतात. लोखंडी शिड्यांपाशी पोचेस्तोवर दहा हजारांच्या बुटांतला तरुण दगडावर बसलेला असतो, आणि नवरात्रात देवीचं साहित्य डोक्यावर घेतलेली गावची बाई प्लास्टिकच्या चपलेत त्याला ओलांडून जाताना मायेनं म्हणते, ‘‘दमानं या, बाळा.’’ दम सगळा संपलेला असताना हे त्याला फार लागतं.

त्या दगडावर त्याला वाटत असतं की वर ऑक्सिजन कमी आहे. तसं नाही. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही खालच्याइतकंच, सुमारे एकवीस टक्के. या उंचीवर हवा थोडी विरळ असते, पण बाळाला बसवणारं कारण वेगळंच आहे. स्नायू राबले की कार्बन डाय ऑक्साइड तयार होतो, तो रक्तात चढतो, आणि मानेच्या वर, मेंदूच्या तळाशी बसलेलं केंद्र त्याचा हिशेब ठेवतं. चढ दिसला की ते छातीला हुकूम सोडतं: जलद. माणसाला धाप लागते ती बहुतेक वेळा काही मिळत नाही म्हणून नव्हे, काही बाहेर टाकायचं राहिलं म्हणून. श्वास रोखून धरला तर अखेर तोंड उघडायला लावतो तोही साचलेला कार्बन डाय ऑक्साइडच. थोडक्यात, दम देणारा एक साहेब प्रत्येकाच्या डोक्यात कायमचा बसवलेला आहे. त्याची बदली होत नाही आणि त्याच्यापुढे युनियन चालत नाही.

ज्यांच्या घरात दमा आहे, त्यांच्याकडे हा विषय चेष्टेचा नाही, आणि तरीही तिथेच सर्वांत जास्त सल्ले फुकट वाटले जातात. इनहेलरला मराठी घरांत पंप म्हणतात आणि ‘पंपाची सवय लागते’ हे प्रत्येक शेजाऱ्याला ठाऊक असतं. हिशेब सांगायचा तर साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्याच औषधाच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. फवारा थेट श्वासनलिकेत जातो, गोळी सगळ्या अंगाला फिरून येते. पण गोळी पाण्याबरोबर गुपचूप घेता येते आणि पंप चारचौघांत दिसतो. मुलीच्या लग्नाआधी पंप कपाटात जातो, गोळ्या पर्सेत राहतात.

काही घरं पंपही नको आणि गोळीही नको म्हणून मृग लागला की हैदराबादची गाडी पकडतात. तिथे बत्तिनी गौड कुटुंब कित्येक पिढ्या दम्यासाठी मासा देत आलं आहे. बोटाएवढा जिवंत मरळ, त्याच्या तोंडात पिवळसर औषधाची गोळी, आणि तो मासा रुग्णाच्या घशाखाली. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर हजारोंच्या रांगा लागतात, पोलीस बंदोबस्त असतो. शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून मिळतं. डॉक्टरांच्या संघटना दर वर्षी सांगतात की याला शास्त्रीय आधार नाही. रांगेतले लोक ते ऐकून घेतात आणि पुढे सरकतात. वळवळणारा मासा नाक दाबून गिळायला जो दम लागतो तो असलेल्या माणसाला दमा झालाच कसा, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

आता दम मोजण्याबद्दल. लंडनचा डॉक्टर जॉन हचिन्सन यानं १८४६मध्ये स्पायरोमीटर जगापुढे ठेवला आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावलं. खलाशी, आगीच्या बंबावरचे जवान, मल्ल, छापखान्यातले कामगार, सभ्य गृहस्थ आणि आवर्जून पोलीस. उंची वाढते तसा दम वाढतो आणि वय वाढतं तसा घटतो, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. कितीही फुंकलं तरी फुप्फुसांत सव्वा लिटरच्या आसपास हवा उरतेच, ती बाहेर काढता येत नाही. सेवानिवृत्त अधिकाऱ्यांच्या घरच्यांना ही गोष्ट यंत्राशिवाय ठाऊक असते.

जिल्ह्याच्या गावातल्या एका तपासणी केंद्रात असेच एक निवृत्त फौजदार स्टुलावर बसलेले होते. बत्तीस वर्षं नोकरी, तीन तालुके हलवून सोडणारा आवाज. नाकाला प्लास्टिकचा चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. समोर बाविशीतली टेक्निशियन, पडद्यावर नजर लावून. ‘‘खोल घ्या, काका. अजून खोल. आता फुंका! जोरात! अजून, अजून, अजून, थांबायचं नाही, अजून!’’ या तपासणीत निदान सहा सेकंद सलग फुंकावं लागतं आणि नीट जमलेले तीन प्रयत्न लागतात, म्हणून त्या मुलीचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत जात होता. काका चौथ्या सेकंदाला थांबले. चिमटा काढून त्यांनी तिच्याकडे जुन्या पद्धतीनं बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

‘‘परत करायला लागेल,’’ ती म्हणाली.

‘‘जरा दम खाऊ दे की, पोरी.’’

‘‘खाऊ नका, काका. सोडा.’’